गाडीतून उतरायचं नाही

क्रांती पोवार शिरोलीच्या एका फौंड्रीत सेफ्टी ऑफिसर होती. वितळलेल्या लोखंडाच्या आसपास चपला घालून फिरणाऱ्या माणसांना बूट घालायला परत पाठवणं, हे तिचं अकरा वर्षांचं काम. माणसं परत जायची, बूट घालायची आणि तिच्या नावानं बोटं मोडायची. तिला त्याचं काही वाटत नसे. बोटं मोडायला बोटं शिल्लक आहेत, एवढं तिला पुरत असे.

शर्यतीशी तिचा संबंध आला तो अर्जातल्या एका रकान्यामुळे. उचगावच्या पलीकडं मुरमाड माळावर गणपतराव दर वर्षी शर्यत भरवत. पूर्वी बैलगाड्यांची भरवायचे. त्यावर बंदी आली तेव्हा त्यांनी जुन्या जीपा आणल्या. पुढं बंदी उठली, पण तोवर लोकांना जीपांचा नाद लागला होता. माळावर गोल वाट आखलेली, बाहेरून कमरेएवढा मातीचा बांध, आणि त्या वाटेवर टप कापलेल्या, काचा काढलेल्या, वरून लोखंडी पाइपचा पिंजरा ठोकलेल्या आठ जीपा बारा फेरे मारायच्या. पोलिसांच्या परवानगीच्या अर्जात ‘सुरक्षा अधिकारी’ असा रकाना होता. त्यात गणपतराव तीन वर्षं आपल्या मेव्हण्याचं नाव लिहीत आले होते. मेव्हणा वारला, तेव्हा त्यांना क्रांतीची आठवण झाली. तिच्याकडं सर्टिफिकेट होतं.

“तुमी फकस्त खुर्चीत बसायचं,” गणपतराव म्हणाले. “नाव लागतंय.”

“नाव लागणार असंल तर काम बी लागंल,” क्रांती म्हणाली.

गणपतरावांना तो विनोद वाटला.

जानेवारीभर क्रांतीनं सुट्टीच्या दिवशी माळावर जाऊन कामं करून घेतली. प्रेक्षकांची दोरी बांधापासून वीस हात मागं घेतली. प्रत्येक वळणावर झेंडेवाला उभा केला, त्याच्या हातात पिवळा झेंडा दिला. पिवळा दिसला की वेग कमी करायचा. सुरुवातीच्या रेषेवर लाल झेंडा. लाल दिसला की थांबायचं. ॲम्ब्युलन्स आणली आणि तिच्यासमोर कुणीही गाडी लावू नये म्हणून स्वतःची स्कूटर आडवी लावून ठेवली.

शर्यतीच्या सकाळी तिनं आठही ड्रायव्हरांना एकत्र बसवलं.

“शर्यतीत गाडी बंद पडली, फिरली, उलटली, काय बी झालं तरी गाडीतनं उतरायचं न्हाय,” ती म्हणाली. “पट्टा सोडायचा न्हाय, हेल्मेट काढायचं न्हाय. झेंडेवाला येऊन हात देईल तवाच उतरायचं. गाडीला पिंजरा हाय. तुमाला न्हाय.”

मागच्या बाकावरून अमरसिंहनं हात वर केला. अमरसिंह नेसरीचा. वय अडतीस, घरी बारा म्हशी, आणि रोज पहाटे गावातलं दूध गोळा करून टेम्पोनं गडहिंग्लजला पोचवणं हा धंदा. चौदा वर्षांत दूध एकदाही उशिरा पोचलं नाही, हे तो ओळख झाल्यावर पाच मिनिटांत सांगायचा. मागची दोन वर्षं शर्यतही त्यानंच जिंकली होती.

“अक्का, गाडी पेटली तर?”

“पेटली तर उतरायचं.”

“आन राग आला तर?”

सगळे हसले. सगळ्यात जोरात अनेकांत हसला. अनेकांत उचगावच्या शांतिनाथ चौगुल्यांचा धाकटा. त्यांचं पंप आणि पाइपचं दुकान होतं. चोवीस वर्षांचा हा पोरगा दुकानात बसल्यावर गिऱ्हाइकाशी नजर वर करून बोलत नसे, आणि जीपमध्ये बसला की पुढच्या गाडीच्या मागं चार बोटांचं अंतर ठेवून चालवायचा.

“राग आला तर आतच बसून करायचा,” क्रांती म्हणाली आणि तिनं सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

सकाळच्या फेऱ्या सुरळीत झाल्या. दुपारी साडेतीनला अंतिम शर्यत होती. त्याआधी टँकरनं वाटेवर पाणी मारायचं ठरलेलं होतं. मुरूम ओला असला की चाकं माती धरतात. सुकला की गाडी कुठं सरकेल याचा भरवसा नाही, आणि धुरळा एवढा उठतो की मागच्याला पुढचा दिसत नाही. सव्वातीनला क्रांतीनं पाहिलं तर टँकर मांडवासमोर उभा होता. प्रमुख पाहुणे येणार होते, त्यांच्या पायवाटेवर पाणी मारणं चाललं होतं. पाणी तिथंच संपलं.

“टँकर भरून आणा,” ती गणपतरावांना म्हणाली. “तवर शर्यत नको.”

“तासभर जाईल की ओ! पाहुण्यांना पाचला दुसरा कार्यक्रम हाय. सकाळचं पाणी हाय की अजून.”

“सुकलंय.”

“वरनं सुकलंय. खाली ओल हाय.”

शर्यत थांबवायचा अधिकार तिचा होता. तसं तिनं स्वतःच नियमांत लिहिलं होतं. गळ्यात शिट्टीही होती. चार हजार माणसं ओरडत होती, हलगी वाजत होती, पाहुण्यांनी हिरवा झेंडा हातात घेतला होता. क्रांतीनं शिट्टी वाजवली नाही.

पहिल्या फेऱ्यातच धुरळा उठला आणि वाऱ्यानं तो खालच्या वळणावर नेऊन ठेवला. अमरसिंह पुढं, अनेकांत त्याच्या मागं. पाचव्या फेऱ्यात, त्याच खालच्या वळणावर, अनेकांतच्या जीपचं नाक अमरसिंहच्या मागच्या चाकाला लागलं. अमरसिंहची जीप दीड गिरकी घेऊन बांधाला टेकली आणि बंद पडली. अमरसिंहला खरचटलंसुद्धा नव्हतं. खालच्या वळणावरच्या सयाजीनं पिवळा झेंडा हलवायला सुरुवात केली. पिंजरा धड, पट्टा घट्ट, मागं बांध. त्या क्षणी सगळ्या माळावर अमरसिंहइतका सुरक्षित माणूस दुसरा नव्हता.

तो नऊ सेकंद बसला. पुढं लोकांनी मोबाइलवरच्या व्हिडिओत मोजलं. नऊ सेकंदांनी त्यानं पट्टा सोडला, हेल्मेट काढून सीटवर ठेवलं आणि खाली उतरला.

“बसा! आत बसा!” सयाजी ओरडला.

पण चार हजार माणसं दुसरंच काहीतरी ओरडत होती. अमरसिंह वाटेच्या मधोमध चालत आला, डावा हात कमरेवर ठेवला आणि उजव्या हाताचं बोट पुढं करून उभा राहिला. अंगातला सूट खाकी. मुरमाच्या धुरळ्यात खाकी सूट.

क्रांतीनं वॉकीटॉकीवर “लाल, लाल” असं सात वेळा सांगितलं. लाल झेंडा खरंच हलला. धुरळ्यामुळं तो कुणाला दिसला नाही. मागून आलेल्या दोन जीपा अमरसिंहच्या बाजूनं निघून गेल्या. तो जागचा हलला नाही. त्यांच्याशी त्याचं भांडण नव्हतं. मग पुढचा फेरा मारून अनेकांतची जीप आली. जवळ येता येता तिच्या इंजिनाचा आवाज चढला, मागची चाकं जोरात फिरली आणि जीपचा मागचा भाग झाडूसारखा बाहेर आला.

आवाज फार मोठा झाला नाही. अमरसिंह बांधापलीकडं जाऊन पडला. ॲम्ब्युलन्स दीड मिनिटात पोचली. क्रांती त्याच्यापाशी पळतच पोचली, तेव्हा तो शुद्धीवर होता.

“अक्का, पयला कोण आला?” त्यानं विचारलं.

“कुणी न्हाय,” ती म्हणाली. “गप पडून ऱ्हावा.”

मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. डॉक्टरांनी आत सळई घातली आणि सहा महिने सांगितले.

पुढचा आठवडाभर सगळा जिल्हा तो व्हिडिओ बघत होता. नेसरीच्या लोकांना त्यात स्वच्छ दिसत होतं की पोरानं मुद्दाम घातली. उचगावच्या लोकांना तेवढंच स्वच्छ दिसत होतं की मातीवर वळताना ॲक्सिलरेटर द्यावाच लागतो, आणि रस्त्यात येऊन बोट दाखवणाऱ्याला कोण काय करणार? नेसरीहून दोन गाड्या भरून माणसं उचगावला आली. त्यांना शांतिनाथांनी दुकानाच्या ओट्यावर बसवून चहा दिला. चहा घेतल्यामुळं त्यांना पुढं फारसं काही करता आलं नाही. पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली.

क्रांतीनं तो व्हिडिओ चाळीस वेळा पाहिला. तिला अहवाल लिहायचा होता. ‘चालक नियम मोडून उतरला’ हे लिहून झालं. ‘दुसऱ्या चालकानं पिवळा झेंडा असताना वेग कमी केला नाही’ हेही झालं. पण आवाज का चढला, हे व्हिडिओत दिसत नव्हतं.

आठव्या दिवशी फौंड्रीची दुपारची पाळी सुटली तेव्हा गेटबाहेर अनेकांत उभा होता. किती वेळचा उभा होता कोण जाणे. वॉचमन म्हणाला, पावणं काय बोलत न्हाईत, नुसतं हुबं हाईत.

“ताई, तुमी अव्हाल लिवताय म्हणं,” तो म्हणाला.

“लिवतोय.”

“पूर्ण झाला?”

“एक ओळ ऱ्हायलीय.”

त्यानं चपलेच्या टोकानं जमीन उकरली. “मला तो दिसला हुता. लांबनंच. पिवळा झेंडा बी दिसला. मला वाटलं, बोट दावतोय व्हय, घे. बाजूनं जाऊन मागच्या चाकानं माती उडवायची हुती त्याच्या अंगावर. एवढंच. लोक हसली असती, तो भिऊन मागं झाला असता. पण मागची बाजू सुटली. मी लई वडली, आलीच न्हाई.”

क्रांतीला यात नवीन काही नव्हतं. फौंड्रीतसुद्धा असंच असतं. कुणालाच कुणाला मारायचं नसतं. नुसती गंमत करायची असते.

“घरी सांगितलंस?”

“आईला. ती म्हणाली, कुणालाच बोलू नगंस. थोरले दादा म्हणाले, वकिलाला इचारू.”

“मग मला कशाला सांगितलंस?”

“झोप लागत न्हाय.”

“हे बघ,” ती म्हणाली, “मला सांगितलंस म्हणजे अहवालात येणार. ते मी गाळणार न्हाय. पण कागदावर यायच्या आदी त्याला कळू दे. तुझ्या तोंडनं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दवाखान्यात गेले. अनेकांतची आई पद्मावतीही आली. बोलू नको म्हणून सांगणाऱ्या त्याच बाई हातात मोसंब्यांची पिशवी घेऊन आल्या होत्या. अमरसिंह पाय दोरीला टांगून पडला होता. शेजारी त्याची बायको राजनंदिनी स्टुलावर बसून फोनवर कुणाला तरी म्हशींची वैरण सांगत होती. तिनं फोन ठेवला आणि सगळ्यांकडं पाहिलं. बसा म्हणाली नाही.

अनेकांतनं गेटवर सांगितलं तेच सगळं सांगितलं. दुकानात बसल्यासारखी नजर खाली ठेवूनच, पण काही न गाळता.



“माती उडवायची हुती,” अमरसिंह म्हणाला.

“व्हय.”

“मग नीट उडवायची की रं. पाय कशापायी मोडलास?”

“सुकी हुती वाट. ओली असती तर गाडी धरली असती.”

“दोन वर्सं जितलोय त्या वाटंवर. अंतिमच्या आदी कायम पाणी मारत्यात.”

तेव्हा क्रांती म्हणाली, “ते मी मारून घेतलं न्हाय. मांडवापुढं पाणी संपलं. मला दिसत हुतं. शर्यत थांबवायला पायजे हुती. शिट्टी गळ्यात हुती माझ्या. मी गप बसलो.”

अमरसिंहनं तिच्याकडं पाहिलं, मग अनेकांतकडं, मग टांगलेल्या पायाकडं.

“आन मी उतरलो,” तो म्हणाला. “खरं सांगतो अक्का, मला राग बी तेवढा आला नव्हता. लागतंय शर्यतीत गाडीला गाडी. पर एवढी माणसं बघाय लागल्याती. नेसरीची दीडशे आलती. नुसतं बसून ऱ्हायलो असतो तर गावात काय तोंड दावलं असतं?”

“आता काय दावताय?” राजनंदिनीनं विचारलं.

पद्मावतीबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, “माझ्या लेकाला माफी करा. तुमच्या पाया पडतो आमी.”

“पाया नका पडू,” राजनंदिनी म्हणाली. “पाय हितं लोंबतोय त्यो बास झाला. माफीचं मागनं बघू. आठ दिवस झालं, दुधाचा टेम्पो माझा भाऊ न्हेतोय. त्याची सोमवारी सुट्टी संपतीया. चाळीस घरांचं दूध हाय. मंगळवारी सकाळी टेम्पो कोण न्हेणार, तेवढं सांगा.”

पद्मावतीबाईंनी मुलाकडं पाहिलं.

“मी न्हेतो,” अनेकांत म्हणाला.

“त्याला नगं,” अमरसिंह पटकन म्हणाला. “दुधाचं लोणी करंल.”

“तुमी गप बसा,” राजनंदिनी म्हणाली. “सहा म्हयने गप बसायचं सांगितलंय डॉक्टरनं.” डॉक्टरांनी तसं काही सांगितलं नव्हतं.

मंगळवारी अनेकांत नेसरीला गेला तेव्हा पहिल्या तीन घरांनी त्याच्या टेम्पोत कॅन चढवायला नकार दिला. राजनंदिनी टेम्पोत पुढं बसून सगळ्या गल्ल्या फिरली. तिनं कुणाला समजावलं नाही. ती नुसती बसून राहिली. चौथ्या घरापासून कॅन यायला लागल्या. त्या दिवशी दूध गडहिंग्लजला चाळीस मिनिटं उशिरा पोचलं, कारण अनेकांतनं ताशी तीसच्या वर वेग नेलाच नाही. चौदा वर्षांत पहिल्यांदा. ही बातमी ऐकून अमरसिंहला पाय मोडल्यापेक्षा जास्त लागलं, असं नर्सचं म्हणणं पडलं.

अनेकांत नेसरीत साडेतीन महिने राहिला. अमरसिंहच्या घरी बुधवारी मटण शिजायचं तेव्हा जैन घरचा म्हणून त्याच्यासाठी पिठलं वेगळ्या चुलीवर व्हायचं. सुरुवातीचा महिनाभर गावातलं कुणी त्याच्याशी बोलत नव्हतं. मग एकाचा विहिरीवरचा पंप बिघडला.

इकडं क्रांतीचा अहवाल सात पानांचा झाला. गणपतरावांनी तो उभ्यानंच वाचला.

“टँकरचं काढा,” ते म्हणाले. “पाहुण्यांचं नाव येतंय.”

“नाव न्हाय लिहिलं. मांडव लिहिलंय.”

“आन हे काय? ‘सुरक्षा अधिकारी क्रांती पोवार यांनी धोका माहीत असूनही शर्यत थांबवली नाही.’ सोताच्या नावानं?”

“मीच हुतो सुरक्षा अधिकारी.”

“सोतावर ठपका ठेवणारा माणूस मी पयल्यांदाच बघतोय,” गणपतराव म्हणाले आणि पहिल्यांदाच खुर्चीत बसले. “माझं बी लिवलंय काय?”

“दुसऱ्या पानावर.”

त्यांनी दुसरं पान परत वाचलं. मग म्हणाले, “खरं हाय,” आणि सही केली.

शर्यत भरवणाऱ्या मंडळाची बैठक भरली. अनेकांतला दोन वर्षं बंदी, अमरसिंहला एक वर्ष. अमरसिंहनं कुबड्यांवर येऊन विचारलं, “पाय माझा मोडला आन बंदी बी मलाच?” त्याला सही दाखवण्यात आली. सही त्याचीच होती. क्रांतीला ठरावानं पदावरून काढण्यात आलं. मग पुढच्या अर्जात रकान्यात कोणाचं नाव लिहायचं, हा विषय निघाला. अर्धा तास चर्चा झाली. सर्टिफिकेट दुसऱ्या कुणाकडंच नव्हतं. त्याच बैठकीत, त्याच मतांनी, क्रांतीला परत घेण्यात आलं.

“आता खुर्चीत बसायचं न्हाई म्हणा,” गणपतराव म्हणाले.

ती घरी गेली तेव्हा तिला बरं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. जेवताना, मधेच, तिला तो माणूस धुरळ्यात बोट पुढं करून उभा दिसायचा आणि घास तसाच राहायचा. हे पुढंही कित्येक महिने होत राहिलं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही.

नोव्हेंबरात पुढची शर्यत झाली. टँकर दोन आले. अंतिम शर्यत सव्वा तास उशिरा सुटली. मुख्य पाहुणे वाट बघून निघून गेले आणि त्यांच्यावाचून काही अडलं नाही.

आठव्या फेऱ्यात राधानगरीच्या उदयसिंहला मागच्या जीपनं ढुसणी दिली. तो पहिला होता, आणि ती ढुसणी सरळ सरळ लबाडीची होती. सगळ्यांनी पाहिली. त्याची जीप आडवी होऊन वाटेच्या कडेला थांबली.

प्रेक्षक उठून उभे राहिले. मोबाइल वर झाले.

“उतर की खाली! उतर! सोडू नगंस त्याला!”

उदयसिंह उतरला नाही. त्यानं स्टिअरिंगवर दोन्ही मुठी आपटल्या. पिंजऱ्याच्या पाइपवर हेल्मेट आपटलं, डोक्यावर होतं तसंच. आईबापावरून काहीतरी ओरडला, पण हेल्मेटमुळं ते कुणाला कळलं नाही. पिवळा झेंडा बघून बाकीच्या जीपा एकेक करत हळू झाल्या आणि त्याच्या बाजूनं निघून गेल्या. ज्यानं ढुसणी दिली तोसुद्धा गेला. काहीच झालं नाही.

काहीच होत नाही म्हटल्यावर लोक कंटाळले. काही खाली बसले, बरेच भज्यांच्या गाड्याकडं वळले.

लाल झेंडा हलला, शेवटची जीप थांबली, तेव्हा क्रांती चालत उदयसिंहच्या जीपजवळ गेली. हेल्मेटच्या आत त्याचे डोळे लाल झाले होते आणि गाल ओले होते. मुठी अजून स्टिअरिंगवरच होत्या.

“म्याडम,” तो म्हणाला, “उतरू का आता?”

क्रांतीनं वाटेच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. मग त्याच्यापुढं हात केला.

“उतरा,” ती म्हणाली. “सावकाश.”